नेदरलँड्समध्ये तंबूत राहून खेडी बघायची आहेत, सासूबाईंना घेऊन जमेल का?

कोथरूडची भटकी

नमस्कार मंडळी,

मे महिन्यात आम्ही चौघं नेदरलँड्सला निघालोय: मी, नवरा, सातवीत जाणारी लेक आणि सासूबाई. धाकटा दीर आइंडहोवनला नोकरीला आहे, तो कधीपासून बोलावतोय. त्याने बेत आखून ठेवलाय. ॲमस्टरडॅम, ट्युलिपच्या बागा, पवनचक्क्यांसमोर फोटो, मग गाडीने ब्रसेल्स, पॅरिस आणि परत. प्रेमाने आखलाय, त्यामुळे तोंडावर नाही म्हणवत नाही. पण मला एवढ्या लांब जाऊन रस्तेच बघायचे नाहीयेत. तिथली खेडी, शेती, गाईगुरं, माणसं कशी राहतात ते बघायचंय.

आम्ही दोघं कॉलेजपासून सह्याद्रीत भटकतोय. राजमाची, हरिश्चंद्रगड, पावसातली ढाकची वाट. तंबू आम्हाला नवा नाही. लेकीला मागे पवनेच्या काठी नेलं होतं, तिथे रात्रभर स्पीकर चालू होते. तेव्हापासून कॅम्पिंग म्हटलं की ती नाक मुरडते. खरं कॅम्पिंग काय असतं ते तिला दाखवायचंय.

अडचण सासूबाईंची. वय अडुसष्ट, गुडघे दुखतात, जमिनीवर झोपणं शक्य नाही, रात्री एकदा तरी उठावं लागतं. अंडंसुद्धा खात नाहीत. पण उत्साह आमच्यापेक्षा जास्त. "मला घरी बसवून जाऊ नका," असं त्यांनी स्वच्छ सांगितलंय.

तर कुठे राहावं? किती ठिकाणं करावीत? मेमध्ये थंडी किती असते? आणि स्वयंपाकाचं कसं करायचं? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

उत्रेख्तकर

आधी नियम सांगतो, म्हणजे बेत त्याच्या आत बसवता येईल. रानात किंवा समुद्रकिनारी मनाला येईल तिथे तंबू ठोकायला इथे बंदी आहे. सह्याद्रीतल्यासारखं पठार दिसलं की पाठपिशवी टाकली, असं चालत नाही. अधिकृत कॅम्पिंगच घ्यावं लागतं. त्यात मोठी असतात (पोहण्याचा तलाव, दुकान, मुलांचे खेळ), रानातली साधी असतात (त्यांना वेगळं वार्षिक कार्ड लागतं), आणि शेतकऱ्यांच्या आवारातली छोटी असतात, त्यांना मिनी कॅम्पिंग म्हणतात. तुम्हाला हवंय ते हे तिसरं.

सासूबाईंसाठी 'ट्रेकर्सहुट' शोधा. लाकडी खोपी, आत चार पलंग, गाद्या, टेबल, दिवा. अंथरूण-पांघरूण आपलं न्यायचं. स्वच्छतागृह बहुतेक ठिकाणी बाहेर सामाईक असतं, म्हणून खोपी त्याच्या जवळची मागून घ्या. सासूबाई आणि लेक खोपीत, तुम्ही दोघं शेजारी तंबूत.

मेमध्ये (कधी जूनच्या सुरुवातीला) अॅसेन्शन आणि पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणांना जोडून सुट्ट्या येतात. अख्खा देश तंबू घेऊन बाहेर पडतो. त्या तारखा बघून आधी बुकिंग करा. बाकीच्या दिवशी मेमध्ये जागा मिळते, शाळांची मोठी सुट्टी जुलैत लागते. दिवसा हवा छान असते, पण रात्री पारा सात-आठ अंशांपर्यंत उतरतो आणि गवत पहाटे ओलंचिंब असतं. पुण्यातून ट्रेकचा हलका तंबू आणणार असाल तर त्याचं बाहेरचं कापड जमिनीपर्यंत येतं ना, बघून घ्या. वारा बहुतेक नैर्ऋत्येकडून येतो, दार त्याच्या विरुद्ध दिशेला ठेवा.

सामानाबद्दल महत्त्वाचं. युरोपीय संघात बाहेरून दूध आणि दुधाचे पदार्थ आणायला मनाई आहे. म्हणजे साजूक तूप, पेढे, आंबाबर्फी नको. हापूसची पेटी आणि कढीपत्ताही नको. भाजणी, मेतकूट, भाजलेला रवा, पोहे, बाकरवडी खुशाल आणा. गॅसची डबी विमानात चालत नाही, ती इथे कुठल्याही कॅम्पिंगच्या दुकानात मिळते.

आणि वीज. छोट्या कॅम्पिंगवर एका जागेला बहुधा 6 अँपिअरचीच जोडणी असते. 230 व्होल्टला हिशोब करा, चौदाशे वॉटसुद्धा पूर्ण मिळत नाहीत. घरची दोन हजार वॉटची इंडक्शन शेगडी लावलीत की फ्यूज उडणार, आणि शेतकऱ्याला शोधत जावं लागणार. कुकर गॅसवरच लावा.

व्हिसाला सहा महिने आधीपर्यंत अर्ज करता येतो. प्रवास विमा किमान 30,000 युरोचा लागतो. दिराकडे जितके दिवस राहणार नाही, त्या दिवसांच्या कॅम्पिंग बुकिंगची ई-मेल अर्जाला जोडा.

पाटबंधारे (निवृत्त)

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि लिहायला बसले. माझी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. मुठा कालवा, उन्हाळी आवर्तनं, टेलच्या शेतकऱ्याला पाणी का पोचत नाही याच्या तक्रारी. मुलगी रॉटरडॅमला असते म्हणून जाणं होतं, आणि गेले की मी शहरात फार थांबत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. एकच जागा धरा, ती झेलंडमध्ये धरा, आणि तिथलं पाणी बघा. त्या देशाचं पाणी समजलं की माणसं आपोआप समजायला लागतात.

झेलंड म्हणजे नैर्ऋत्येचा प्रांत, बेटांचा आणि खाड्यांचा. आइंडहोवनहून गाडीने दोनेक तासांवर. तिथे स्कौवन-डौवेलंड नावाचं बेट आहे (आता बांधांनी आणि पुलांनी जोडलेलं), मुख्य गाव झिरिकझे. आगगाडी तिथे जात नाही, बसने जायचं. भोवती शेतात मिनी कॅम्पिंगं भरपूर. घराच्या मागच्या कुरणात पंधरा-वीस तंबूंची जागा, कडेने विलोची झाडं, एका जुन्या गोठ्यात न्हाणीघर आणि भांडी घासायची मोरी.

31 जानेवारी 1953च्या रात्री तिथले बांध फुटले. उधाणाची भरती आणि वायव्येचं वादळ एकत्र आलं. रात्री रेडिओ बंद, शनिवारची रात्र, लोक झोपलेले. 1,836 माणसं गेली. बेटावरच्या औवरकेर्क गावाजवळचं शेवटचं भगदाड बुजवायला नोव्हेंबर उजाडला, आणि ते बुजवलं काँक्रीटच्या चार अवाढव्य पेट्या बुडवून. दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर तात्पुरतं बंदर उभारायला केलेल्या पेट्यांपैकी त्या उरलेल्या. आज त्याच पेट्यांच्या आत त्या पुराचं संग्रहालय आहे. भिंतीपलीकडे बांध, बांधापलीकडे समुद्र.

12 जुलै 1961ला पानशेत फुटलं तेव्हा मी तान्ही होते. आमचा वाडा नारायण पेठेत. आईने मला कडेवर घेतलं आणि देव्हाऱ्यातला बाळकृष्ण पदरात बांधला, बाकी सगळं गेलं. पुढे मी धरणांच्याच खात्यात नोकरी धरली, ती या गोष्टी ऐकत वाढल्यामुळे. त्या संग्रहालयात चिखलातून निघालेल्या घरगुती वस्तू मांडल्यात. मी तिथे उभी असताना शेजारच्या डच आजी आपणहून बोलू लागल्या. त्यांच्या काकांचं शेत गेलं होतं. मी पानशेतचं सांगितलं. त्यांनी विचारलेला पहिलाच प्रश्न होता, "मग तुम्ही नंतर काय बदललंत?" मी खात्यातली बाई, मला उत्तर देता यायला हवं होतं आणि मी दिलंही, पण तो प्रश्न अजून माझ्या मनात आहे. दुःख सांगितल्यावर तिथली माणसं गळ्यात पडत नाहीत, पुढचं विचारतात. आधी कोरडं वाटतं, मग त्यातली कळकळ कळते.

त्यांनी काय बदललं ते बघायला पश्चिमेकडे जा. ऑस्टरस्केल्डच्या खाडीच्या तोंडावर नऊ किलोमीटरचा अडसर आहे, 1986 मध्ये पुरा झालेला. मूळ बेत खाडी बांध घालून कायमची बंद करायचा होता. पण मग भरती-ओहोटी थांबणार, कालवं-शिंपले मरणार, पक्षी जाणार, म्हणून मच्छीमार आणि निसर्गवाले रस्त्यावर उतरले, आणि सरकारने आराखडा बदलला. आता 62 पोलादी दरवाजे एरवी उघडे असतात, मोठं वादळ येणार असेल तेव्हाच खाली येतात. लेकीला तिथे भरती चढताना उभं करा. खांबांमधून पाणी ज्या जोराने आत घुसतं, ते बघून मला वरसगावचा सांडवा आठवला.

पण त्याहून मला आवडतं ते लहान पाणी. कॅम्पिंगच्या कुंपणाबाहेर चर असतोच. त्यात एके ठिकाणी सेंटिमीटरच्या खुणांची उभी पट्टी रोवलेली दिसेल, आकडे बहुधा उणे, कारण ते ॲमस्टरडॅमच्या समुद्रपातळीपासून मोजलेले. शेजारी छोटं फळ्यांचं दार किंवा पंपघर. उन्हाळ्यात पाणी थोडं वर धरायचं, हिवाळ्यात उतरवायचं. हे ठरवतात पाणी मंडळं. देशात अशी 21 आहेत, काहींची मुळं तेराव्या शतकातली, म्हणजे त्यांच्या आजच्या सरकारपेक्षा कितीतरी जुनी. त्यांच्या वेगळ्या निवडणुका होतात, वेगळा कर असतो, शेतकऱ्यांसाठी आणि निसर्गासाठी राखीव जागा असतात. आपल्याकडे पाणीवापर संस्था कागदावर उत्तम आहेत, मी स्वतः कितीतरी स्थापन करून दिल्या. तिथे मला दिसलं की पट्टीवरचा आकडा गावातल्या कुणालाही विचारा, तो सांगतो. आमच्या कॅम्पिंगचा शेतकरी सकाळी गाईंकडे जाताना त्या पट्टीपाशी थांबायचा, वाकून बघायचा आणि पुढे जायचा. रोज.

सासूबाईंसाठी दोन गोष्टी. खेड्यांमध्ये 'बूर्टबस' असते, आठ माणसांची छोटी गाडी. चालवणारे गावातलेच लोक, बहुतेक निवृत्त, बिनपगारी. ड्रायव्हर प्रत्येकाशी बोलतो. त्यांना नुसतं तिच्यात बसवून एक फेरी मारून आणा. आणि झेलंडचा 'बोलस' खायचा असतो, दालचिनी आणि काळपट साखरेत घोळवलेला चिकट गोड पाव. अंडं आहे का ते दुकानात विचारून घ्या, काही ठिकाणी असतं. भाजीत 'झेकराल' मिळते, खारवटात वाढणारी हिरवी काडी. मी तिची लसणाची फोडणी देऊन परतून केली, मीठ अजिबात घालू नका.

पॅरिस कुठे पळून जात नाही.

भिगवणचा पक्षीवेडा

पाटबंधारे ताईंशी सहमत. मे म्हणजे तिथे कुरणातल्या पक्ष्यांची विणीची वेळ, म्हणून दुर्बीण विसरू नका. हिवाळ्यात आपण उजनीच्या पाण्यावर काळ्या शेपटीचे गॉडविट बघतो ना, करडे, चोच चिखलात खुपसून उभे? तीच जात तिथे मेमध्ये विटकरी तांबड्या रंगात, कुंपणाच्या खांबावर बसून ओरडताना दिसते. (आपल्याकडे येणारे पूर्वेकडच्या देशांतून येतात, डच पक्षी हिवाळ्यात पश्चिम आफ्रिका आणि स्पेन-पोर्तुगालकडे जातात.) 2015 मध्ये त्यांनी तो राष्ट्रीय पक्षी म्हणून निवडला, आणि त्याची संख्या मात्र घटत चाललीये. गवत लवकर कापलं जातं आणि पिल्लं यंत्राखाली जातात. काही शेतकरी जूनच्या मध्यापर्यंत कापणी थांबवतात, घरट्यांशेजारी काठ्या रोवतात म्हणजे ट्रॅक्टर वळसा घालतो. तुमच्या कॅम्पिंगवाल्याच्या कुरणात अशा काठ्या दिसल्या तर लेकीला लांबूनच दाखवा, आत जाऊ देऊ नका.

स्कौवनच्या दक्षिण किनाऱ्यावर शेतजमीन पुन्हा खाऱ्या दलदलीला परत दिलीये. बांधावरून सायकलने जाताना टिटवीची तिकडची तुरेवाली बहीण, शिंपलेखाऊ, आणि नशीब असेल तर आपला चमचा पक्षीसुद्धा दिसेल.

एक काळजी घ्या: गोचीड. गवतातून आलं की संध्याकाळी गुडघ्यामागे, काखेत, केसांच्या कडेला बघायचं. चिकटलेली असेल तर चिमट्याने त्वचेजवळ धरून सरळ ओढायची, तेल-बिल लावायचं नाही. तारीख लिहून ठेवा. पुढच्या काही आठवड्यांत तिथे लाल चकती वाढताना दिसली तर पुण्यातल्या डॉक्टरांना 'लाइम' हा शब्द सांगा, कारण आपल्याकडे तो आजार सहसा कुणाच्या डोक्यात येत नाही.

दोन मुलांचा बाबा, बाणेर

थोडं वेगळं मत. सातवीतल्या मुलीला चर आणि त्यातल्या खुणांच्या पट्ट्या फार दिवस पुरणार नाहीत. काही दिवस होगे फेलुवेला द्या. आर्नहेमजवळचं राष्ट्रीय उद्यान, जवळपास साडेपाच हजार हेक्टर. दारातून तिकीट काढून आत गेलं की पांढऱ्या सायकली उभ्या असतात, घ्या आणि निघा, भाडं नाही, कुलूप नाही. लहान मुलांच्याही असतात. माळ, वाळूचे उघडे पट्टे, पाइनची राई, सांबरांसारखी मोठी हरणं. आणि भर रानात क्रोलर-म्युलर संग्रहालय, ॲमस्टरडॅमच्या खालोखाल व्हॅन गॉखच्या चित्रांचा सर्वांत मोठा संग्रह तिथे आहे. त्याचं तिकीट वेगळं. माझ्या मुलीने चित्रांपेक्षा बाहेरच्या शिल्पबागेत जास्त वेळ काढला, तरी माझी तक्रार नाही.

सायकलीचं सांगतो, झेलंडलाही लागू आहे. चौकाचौकात आकड्यांचे फलक असतात. निघताना नकाशावरून आकडे कागदावर लिहून घ्यायचे, समजा 14, 27, 31, 08, आणि बाण बघत जायचं. आमच्याकडे कागद मुलीच्या हातात होता आणि ती आम्हाला नेत होती. फोनची गरजच पडली नाही. वाटेत शेतांच्या फाटकाशी छोटी फळी असते, त्यावर बटाटे, जॅम, फुलं आणि पैसे टाकायला डबा. कुणी राखायला नसतं. सुटी नाणी जवळ ठेवा.

कोथरूडची भटकी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जेवताना सगळे प्रतिसाद मोठ्याने वाचले. पानशेतचं वाचताना सासूबाई गप्प झाल्या. त्यांचं माहेर शनिवार पेठेतलं, त्या तेव्हा लहान होत्या, पण गच्चीवर काढलेली रात्र त्यांना आठवते. "औवरकेर्कला मला न्यायचंच," म्हणाल्या. दिराशी फोनवर बोलले. तो थोडा हिरमुसला, पण पॅरिस रद्द. झेलंडला मुख्य मुक्काम, शेवटी थोडे दिवस होगे फेलुवे. लेकीने आकड्यांचा कागद आत्ताच मागितलाय.

ताई, एक विचारायचं राहिलं. शेजारच्या तंबूतल्या लोकांशी ओळख कशी काढायची? आपल्याकडे चहा घेऊन गेलं की झालं. तिथे लोकांना आवडतं का?

पाटबंधारे (निवृत्त)

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. संग्रहालयात बसायला बाकं आहेत, घाई करू नका.

ओळख भांडी घासायच्या मोरीवर होते. रात्रीचं जेवण तिथे सहाच्या सुमाराला उरकतं, आणि त्यानंतर प्रत्येक तंबूतून एक माणूस प्लॅस्टिकच्या टोपल्यात ताटं-पेले घेऊन मोरीकडे निघतो, बहुतेक पुरुषच. शेजारी उभं राहून घासताना सगळं बोलणं होतं. कुठून आलात, हवा उद्या कशी असेल, कुठल्या रस्त्याने सायकल नेलीत. तुमच्या नवऱ्याला त्या वेळी भांडी घेऊन पाठवा, तो परत येईल तेव्हा आजूबाजूच्या चार तंबूंची माहिती घेऊन येईल.

सहाच्या आसपास कुणाच्या तंबूशी जाऊ नका, ते जेवत असतात आणि अवघडतात. सकाळी दहाला कॉफीची वेळ, तेव्हा जा. आदल्या दिवशी सांगून गेलात तर फार आवडतं. कॉफीबरोबर एक बिस्किट येईल, डबा पुन्हा बंद होईल. त्यात कमी लेखणं नसतं, तशीच पद्धत आहे. तुम्ही मात्र थालीपीठ न्या. मी नेलं होतं, समोरच्या बाईंनी कागद-पेन आणून भाजणीत काय काय असतं ते उतरवून घेतलं, धने किती तेसुद्धा.

मेच्या पहिल्या आठवड्यात तिथे असाल तर 4 मे लक्षात ठेवा. त्या संध्याकाळी आठ वाजता युद्धात गेलेल्यांसाठी सगळा देश दोन मिनिटं स्तब्ध उभा राहतो. कुकर त्याच्या आधी उतरवून ठेवा आणि लेकीला आधी समजावून सांगा. दुसऱ्या दिवशी मुक्तिदिन, झेंडे, गाणी.

रात्री दहानंतर आवाज नाही, गाडीसुद्धा आत आणत नाहीत. मेच्या शेवटाकडे साडेनऊनंतरही उजेड असतो, त्यामुळे लेकीला झोपवायला डोळ्यांवर बांधायची पट्टी न्या. सासूबाईंसाठी गरम पाण्याची रबरी पिशवी पुण्याहूनच घ्या, आणि खोपी बुक करताना स्वच्छतागृहाची वाट फरसबंदीची आहे का ते शेतकऱ्याला विचारा. ओल्या गवतावरून रात्री चालायला नको.